ऑक्सिमीटरवर ९८ होते, तरी सासूबाई बेशुद्ध कशा पडल्या?

नौपाडेकरीण (ठाणे पश्चिम) :

नमस्कार. जरा लांबण लावते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळायचा नाही.

आमची इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. बाथरूम साडेचार बाय सहा फूट. आत भिंतीवरच गॅसचा गीझर आहे, पाईपगॅसवर चालणारा. वर एक झरोका होता. कबुतरांनी त्याची जाळी फाडून आत घरटं केलं, म्हणून गणपतीच्या आधी आम्ही त्यावर प्लायचा तुकडा ठोकला. हे मुद्दाम आधीच सांगते, कारण चूक आमची आहे.

गेल्या रविवारी सकाळी सासूबाई (वय ७१) न्हायला गेल्या. थंडी होती आणि केस धुवायचे होते, त्यामुळे गरम पाणी बराच वेळ चालू होतं. आंघोळ करताना त्या स्तोत्र म्हणतात, मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. ते मधेच थांबलं आणि पाण्याचा आवाज मात्र चालूच राहिला. मी दार ठोठावलं, हाका मारल्या. शेवटी यांनी खांद्याने धक्का देऊन कडी तोडली. सासूबाई बादलीला टेकून बसल्यासारख्या होत्या, मान एका बाजूला कललेली. श्वास चालू होता.

बाहेर आणून निजवलं. करोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होता, तो बोटाला लावला. ९८! नाडी ११८. ओठ निळे नाहीत, नखं निळी नाहीत. शेजारचे काका म्हणाले, ऑक्सिजन उत्तम आहे, शुगर उतरली असेल, जरा वारा घाला. आम्ही वारा घालत बसलो. त्या एका आकड्याच्या भरवशावर आम्ही वीस-पंचवीस मिनिटं घालवली, आणि त्याच मिनिटांमुळे मला अजून रात्री झोप लागत नाही.

हॉस्पिटलात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का?" आम्ही हो म्हणताच तिने पिशवीवाला मास्क लावला आणि मग रक्त घेतलं. रिपोर्टमध्ये कार्बॉक्सिहिमोग्लोबिन २४ टक्के, हिमोग्लोबिन ११.२, आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब चांगला. रात्रभर मास्क होता. सोमवारी संध्याकाळी घरी आणलं. आता त्या चालतात-बोलतात, डोकं थोडं जड आहे म्हणतात.

मला विचारायचं ते असं : हिमोग्लोबिन बरं, ऑक्सिमीटर ९८, ऑक्सिजनचा दाबही चांगला, मग कमी पडलं ते काय? आणि ९८ असताना रात्रभर ऑक्सिजन कशासाठी दिला? डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सांगितलंही, पण तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.


कोपरीकर :

देवाची कृपा, वेळेत दार तोडलंत. पण गॅस लीक असेल तर वास कसा आला नाही? आणि एचबी ११.२ म्हणजे कमीच की. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू करा. माझ्या बहिणीचं दोन महिन्यांत ९ वरून ११ वर आलं होतं.


ऐरोलीचा ट्रेकर :

उत्तर माझ्याकडे नाही, पण तुमच्या आकड्याशेजारी माझा ठेवतो. दोन वर्षांपूर्वी लेहला उतरलो. उंची साधारण ३५०० मीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा आकडा ८६ होता. डोकं दुखत होतं, जिना चढताना धाप लागत होती, पण मी शुद्धीवर होतो, चहा पीत होतो, फोटो काढत होतो. ८६ वाला माणूस बाजारात फिरतो आणि ९८ वाल्या आजी बेशुद्ध पडतात! म्हणजे हा आकडा नक्की मोजतो तरी काय, हे मलाही जाणून घ्यायचं आहे.


रक्तपेढीवाली (नेरूळ) :

ताई, सकाळी वाचलं आणि दुपारची कामं आटोपून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. ३३ वर्षं लॅब आणि रक्तपेढीत काढली, आता निवृत्त आहे. रक्त रोज हाताळलंय, तेव्हा रक्ताच्या बाजूने सांगते.

आधी कोपरीकरांचं. गॅस लीक झाला नव्हता. आपल्या गॅसला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, गळती झाली तर घरभर कळतं. इथे गॅस नीट जळायला हवा पुरली नाही. बंद खोलीतला ऑक्सिजन कमी होत गेला, ज्योत अर्धवट जळू लागली आणि कार्बन मोनॉक्साईड तयार झाला. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आणि खजूर जरूर द्या, ११.२ थोडं कमीच आहे, पण रविवारच्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही.

आता तुमचे तीन आकडे. हिमोग्लोबिन ११.२ म्हणजे १०० मिली रक्तात ११.२ ग्रॅम. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर साधारण १.३४ मिली ऑक्सिजन धरतं. गुणाकार करा, १५ मिली येतात. ऑक्सिजनचा जो दाब रिपोर्टवर असतो तो मात्र हिमोग्लोबिनवरचा नव्हे, रक्ताच्या पाण्यात नुसता विरघळलेला ऑक्सिजन दाखवतो. तो किती असतो? साध्या हवेत श्वास घेताना १०० मिली रक्तात जेमतेम ०.३ मिली. म्हणजे तो दाब उत्तम असूनही हिमोग्लोबिनवर काय बसलंय याचा पत्ता लागत नाही. फुप्फुसं ठणठणीत आहेत एवढंच त्यातून कळतं, आणि सासूबाईंची फुप्फुसं ठणठणीतच होती.

राहिला ऑक्सिमीटर. त्यात दोन दिवे असतात, एक लाल (६६० नॅनोमीटर) आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड (९४० नॅनोमीटर). ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड जास्त गिळतं, ऑक्सिजन असलेलं कमी. दोन्ही उजेडांच्या गुणोत्तरावरून तो आकडा काढतो. आणि कार्बन मोनॉक्साईड बसलेलं हिमोग्लोबिन (रिपोर्टवरचं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन ते हेच) लाल उजेडात अगदी ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. दोनच दिव्यांच्या यंत्राला त्यांतला फरक कळायला मार्ग नाही, त्याने ते २४ टक्केसुद्धा ऑक्सिजनच्या खात्यात जमा केले. हॉस्पिटलातलं मशीन अनेक तरंगलांबींचा उजेड वापरतं म्हणून तिथे खरं कळलं. तुम्ही आकड्यावर विश्वास ठेवलात, यात तुमचा दोष नाही. ओठ निळे नव्हते, तेही याच कारणाने.

हे रक्त मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. डिसेंबरची पहाट, नाईट ड्यूटी संपत आली होती. नवरा-बायकोची दोन सॅम्पल आली, शिरेतून घेतलेली. शिरेचं रक्त कसं असतं? काळपट, जांभळाकडे झुकणारं. ट्यूब बूच लावून चार-पाच वेळा उलटसुलट केली की आतली हवा लागून ते उजळतं. ही दोन्ही सॅम्पलं आली तीच भडक लाल. मला वाटलं, सुई चुकून धमनीत गेली. आमचे सीनियर टेबलापाशी आले, ट्यूब उजेडात धरून पाहिली आणि मला म्हणाले, दोन परीक्षानळ्यांत पाणी घे. एकीत त्या बाईंच्या रक्ताचा एक थेंब, दुसरीत माझ्या बोटाचा. दोन्हींत कॉस्टिक सोड्याचं द्रावण घातलं. माझं रक्त बघता बघता हिरवट-तपकिरी झालं. बाईंचं गुलाबीच राहिलं. मी नळी हातात धरून उभी होते, ते गुलाबी काही जाईना. ही तपासणी हॉप-सायलर या जर्मन शास्त्रज्ञाची, १८५८ सालची. 'हिमोग्लोबिन' हे नावही त्यांनीच १८६४ मध्ये दिलं. आता मशीनं आली, ती परीक्षानळी कुणी धरत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. २४ टक्के जागा गेल्या, ७६ उरल्या. मग ७६ वर माणूस बेशुद्ध का? (रविवारी बाथरूममध्ये तर २४ पेक्षा जास्तच असणार. मधे वेळ गेला, तेवढ्यात थोडा उतरला.)

माझ्यासमोर ६ हिमोग्लोबिन असलेल्या बायका जिना चढून सॅम्पल द्यायला आलेल्या आहेत. एका हातात पोर, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. कठड्याला धरून दम खायच्या, चेहरा पांढराफटक, पण आपल्या पायांनी आलेल्या. त्यांच्या रक्तात ऑक्सिजन निम्म्याहून कमी. आणि १५ हिमोग्लोबिनचा धडधाकट गडी, ज्याच्या निम्म्या जागा कार्बन मोनॉक्साईडने अडवल्या आहेत, तो चालत येत नाही, त्याला आणावं लागतं. हिशेबाने गड्याच्या रक्तातला ऑक्सिजन उलट थोडा जास्तच निघतो. मग फरक कुठे पडतो? हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते सोडतं कसं, हे कुणी विचारत नाही. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असतो, तिथे हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरतं. शरीरभर फिरून शिरेत येतं तेव्हा दाब ४० वर आलेला असतो आणि हिमोग्लोबिन ७५ टक्के भरलेलं असतं. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचं रक्त परत येतं तेव्हा ते रिकामं नसतं, तीन हिस्से भरलेलंच असतं. चौथा हिस्सा फक्त दिला. बाकीचं गाठीला आहे. पेशींना जास्त लागलं, दाब आणखी उतरला, की ते भराभर सोडतं. २७ मिलिमीटरला निम्मं रिकामं. ६ हिमोग्लोबिनवाली बाई याच गाठीवर जगते. तिच्या गाड्या कमी आहेत, पण आहेत त्या नीट रिकाम्या होतात.

कार्बन मोनॉक्साईड ही गाठच बांधून टाकतो. एका हिमोग्लोबिनला जागा चार. त्यातल्या एका-दोनांवर तो बसला की त्याच रेणूच्या उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही घट्ट धरला जातो. रक्त मेंदूपाशी जातं, तिथे दाब उतरलेला आहे, मागणी आहे, आणि हिमोग्लोबिन सोडत नाही. ऑक्सिजन रक्तात होता, ताई. पेशीला मिळाला नाही. (तो पेशींच्या आतल्या यंत्रणेलाही थोडा त्रास देतो, पण मुख्य घात इथे.)

ट्रेकरदादा, तुमचं उत्तरही यातच आहे. लेहला तुमच्या १४ टक्के जागा नुसत्या रिकाम्या होत्या, अडवलेल्या नव्हत्या. भरलेल्या ८६ सुटायला तयार होत्या.

रक्तपेढीत हे आम्हाला वेगळ्या वाटेने माहीत होतं. तांबड्या पेशींत डीपीजी नावाचा एक फॉस्फेटवाला पदार्थ असतो. तो हिमोग्लोबिनच्या मधल्या पोकळीत बसतो आणि ऑक्सिजन सुटायला मदत करतो. उंचीवर काही दिवसांत तो वाढतो. आणि पिशवीतलं रक्त २ ते ६ अंशांवर ठेवलं तरी दोनेक आठवड्यांत डीपीजी जवळजवळ संपतो. रक्त वाया जात नाही, रुग्णाच्या शरीरात गेल्यावर तो पुन्हा तयार होतो, पण त्याला काही तास ते दोनेक दिवस लागतात. म्हणून नवजात बाळाचं रक्त बदलायचं असलं की फ्रीज उघडून आम्ही तारखा बघत असू, पाच-सात दिवसांच्या आतली पिशवी शोधायची. बाळाला वाट बघायला वेळ नसतो.

आता रात्रभरचा मास्क. तो ९८ चे १०० करण्यासाठी नव्हताच. कार्बन मोनॉक्साईड घट्ट बसतो, पण कायमचा नाही. साध्या हवेत तो निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात निम्मा होतो. ऑक्सिजनची इतकी गर्दी करायची की सुटलेल्या जागेवर पुन्हा तो बसूच नये. २४ चे १२, १२ चे ६, ६ चे ३. चार-पाच तास तिथेच गेले, आणि सत्तरीच्या बाई म्हणून रात्रभर ठेवलं, योग्यच केलं. शिवाय शुद्ध ऑक्सिजनवर विरघळलेला ऑक्सिजन ०.३ वरून २ मिलीच्या आसपास जातो. हिमोग्लोबिन हटून बसलेलं असताना पेशींना तेवढा आधार मोठा असतो. त्या डॉक्टर मुलीने रिपोर्टची वाट न बघता मास्क लावला, त्यासाठी तिचे मनापासून आभार माना.


नौपाडेकरीण :

काकू, तुमचं उत्तर यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "पेशीला मिळाला नाही" इथे दोघांनाही थांबावं लागलं.

लेक अकरावी सायन्सला आहे. ती म्हणते, पुस्तकात कार्बामिनोहिमोग्लोबिन आहे आणि आजीच्या रिपोर्टवर कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, दोन्ही एकच ना? तिचं म्हणणं, कार्बन डायऑक्साईड तर रोजच हिमोग्लोबिनवर बसून फुप्फुसात येतो, मग तो ऑक्सिजनची जागा का अडवत नाही? आणि यांना लोकलची चौथी सीट आठवली, चार जागांवरून.


खारीगावचे मास्तर :

हा प्रश्न मला घ्यायचा आहे. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, आणि या दोन नावांत दर वर्षी निम्मा वर्ग गोंधळतो. मुलीला सांगा, प्रश्न अगदी रास्त आहे.

कार्बन डायऑक्साईड ऑक्सिजनच्या जागेवर बसतच नाही. हिमोग्लोबिन म्हणजे चार प्रथिनसाखळ्या : दोन अल्फा, प्रत्येकी १४१ अमिनो आम्लांच्या, दोन बीटा, प्रत्येकी १४६ च्या. प्रत्येक साखळीत एक हेम, हेमच्या मधोमध लोहाचा एक अणू. ऑक्सिजन बसतो तो लोहावर. कार्बन मोनॉक्साईडही लोहावरच, म्हणून भांडण. कार्बन डायऑक्साईड मात्र साखळीच्या टोकाच्या अमिनो गटावर बसतो, म्हणून 'कार्बामिनो'. सीटवर बसणं आणि दाराच्या दांड्याला धरून उभं राहणं, इतका फरक.

आणि तसाही फार थोडा कार्बन डायऑक्साईड त्या वाटेने जातो. साधारण २३ टक्के कार्बामिनो, ७ टक्के नुसता विरघळलेला, आणि ७० टक्के बायकार्बोनेट होऊन. तांबड्या पेशीत कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर आहे, ते कार्बन डायऑक्साईड आणि पाण्याचं कार्बोनिक आम्ल क्षणार्धात करतं. त्याचे बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन होतात. बायकार्बोनेट पेशीबाहेर प्लाझ्मात जातं, त्याच्या बदल्यात क्लोराईड आत येतं. हायड्रोजन आयन कुठे जातो? तो हिमोग्लोबिनच उचलतं. आणि इथेच गंमत आहे : हायड्रोजन आयन उचललेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं.

तुम्ही चौथ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन चढता तेव्हा मांडीच्या स्नायूत कार्बन डायऑक्साईड वाढतो, आम्लता वाढते, तापमान वाढतं. नेमका त्याच स्नायूत हिमोग्लोबिनचा हात सैल होतो. स्वस्थ असलेल्या हाताच्या स्नायूत तेवढा होत नाही. कुणी निरोप पाठवावा लागत नाही, जिथे काम चाललंय तिथलं रसायनच निरोप असतं. हा परिणाम ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवला (अणूच्या प्रतिकृतीचे नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव). फुप्फुसात याचं उलट : ऑक्सिजन बसला की हायड्रोजन आयन सुटतो, बायकार्बोनेटचा पुन्हा कार्बन डायऑक्साईड होतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. ही बाजू १९१४ मध्ये हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. पंचवीस वर्षं शिकवतोय, तरी हे फळ्यावर काढताना मला दर वेळी आनंद होतो.

आता चौथी सीट. उपमा चांगली आहे, पण उलटी धरा. लोकलमध्ये तिघं बसल्यावर चौथ्याला कडेवर टेकायला मिळतं, त्याचीच सगळ्यांत अडचण. हिमोग्लोबिनमध्ये सगळ्यांत अडचण पहिल्याची आणि चौथ्याला सगळ्यांत सोपं. रिकाम्या हिमोग्लोबिनची ठेवण ताठ असते, लोहाचा अणू हेमच्या प्रतलापासून किंचित बाहेर सरकलेला असतो. पहिला ऑक्सिजन बसला की लोह आत ओढलं जातं, त्याला जोडलेली साखळी हलते, शेजारच्या साखळ्या सरकतात आणि त्यांच्या जागा उघडतात. १९३८ मध्ये प्रागला हौरोवित्झ यांनी ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले होते. काचेखालून हवा आत शिरली तसे स्फटिक मोडून नव्या आकाराचे झाले. रेणूचा आकार बदलतो हे तिथे डोळ्यांना दिसलं. मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ पासून क्ष-किरणांनी याचा माग काढला आणि १९५९ मध्ये घोड्याच्या हिमोग्लोबिनची रचना हाती आली. बावीस वर्षं. १९६२ चं नोबेल त्यांना आणि केंड्रू यांना मिळालं.

काकूंनी सांगितलेलं 'घट्ट धरणं' याच्याशी जोडून बघा. कार्बन मोनॉक्साईड बसला तरी रेणूला वाटतं ऑक्सिजनच बसला, त्याची ठेवण बदलते, शेजारच्या जागा पकड घट्ट करतात. ज्या रचनेमुळे फुप्फुसात भरणं सोपं होतं, तीच रचना इथे सोडणं अवघड करते.

लोहावरची त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पट. २१० धरू. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे कार्बन मोनॉक्साईड नुसता ०.१ टक्का असला तरी शेवटी दोघांची वाटणी निम्मी-निम्मी होते. तुमचं बाथरूम साडेचार बाय सहा, उंची आठ फूट धरली तर सुमारे ६१०० लिटर हवा. तिचा ०.१ टक्का म्हणजे सहा लिटर. आंघोळीची बादली निम्मीही भरणार नाही. एवढ्या प्रमाणात निम्म्यापर्यंत जायला काही तास लागतात. पण बंद खोलीत अर्धवट जळणारा गीझर याच्या कितीतरी वर जातो, म्हणून सगळं मिनिटांत घडतं.

मुलीसाठी आणखी एक. मोकळ्या हेमला कार्बन मोनॉक्साईडची ओढ ऑक्सिजनच्या हजारो पट असते. प्रथिनाच्या कुशीत बसल्यामुळे ती दोनशेवर येते. आणि हे फार गरजेचं आहे, कारण जुन्या तांबड्या पेशींतलं हेम मोडताना आपल्याच शरीरात थोडा कार्बन मोनॉक्साईड सुटत असतो. निरोगी माणसाच्या रक्तातही टक्काभर कार्बॉक्सिहिमोग्लोबिन सापडतं ते यामुळे. ही कूस नसती तर त्या घरच्याच वायूने आपला कोंडमारा केला असता.


रक्तपेढीवाली :

सर, छान समजावलंत. दांड्याला धरून उभं राहणं मला सुचलं नसतं.

ताई, एक राहिलं, आणि हे महत्त्वाचं आहे. घाबरवत नाही, पण लक्ष ठेवा. या विषबाधेत माणूस बरा होऊन घरी येतो आणि काही दिवसांनी, कधी महिन्याभरानेही, विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं, कपड्यांत लघवी होणं असं काही दिसू शकतं. वयस्कर माणसांत जास्त. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, लगेच त्याच डॉक्टरांकडे न्या, रिपोर्ट बरोबर ठेवा. पुढचे सहा आठवडे कॅलेंडरवर मांडून ठेवा. रोज थोडं बोलत जा, त्यांना नेहमी जमणारं एखादं काम त्यांच्याकडूनच करून घ्या आणि नजर ठेवा.

आणि पुन्हा कुणाला असं झालं तर आधी गॅस बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, माणूस बाहेर, १०८ ला फोन. ऑक्सिमीटर कपाटातच राहू दे. रविवारी घरात दुसऱ्या कुणाचं डोकं दुखत होतं का? दार तोडून आत गेलेल्यांचं?


कोपरीकर :

बीट-खजुराचं मागे घेतो. आमच्याकडेही गीझर आतच आहे आणि झरोक्याला डासांसाठी प्लास्टिक लावलंय. आत्ता स्टूल घेऊन काढलं.


नौपाडेकरीण :

हो काकू, यांचं डोकं दुपारपर्यंत दुखत होतं, आम्ही ते धावपळीवर घातलं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी बघितलं, यांना काही नाही.

प्लाय त्याच दिवशी काढला. गॅसचं कनेक्शन मिस्त्रीकडून बंद करून घेतलं, गुरुवारी विजेचा गीझर बसला. झरोक्याला आता जाड लोखंडी जाळी आहे, कबुतरं बाहेर बसून बघतात. सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, झरोका बुजवल्याचंही. चौतीस घरांपैकी अकरा घरांत गॅसचा गीझर आतच निघाला.

आज दहावा दिवस. तुम्ही म्हणालात तसं नेहमीचं काम म्हणून दुधाचा हिशेब सासूबाईंकडेच ठेवलाय. रोज रात्री वही घेऊन बसतात. काल म्हणाल्या, मंगळवारी पाहुणे आले होते, अर्धा लिटर जास्तीचं घेतलं होतंस, ते तू लिहिलंच नाहीस. मी पिशव्यांचा डबा उघडून मोजल्या. एक पिशवी जास्तच होती.